जुन्या लिनक्स मशीनसाठी हलकं ऑफिस सॉफ्टवेअर कसं निवडायचं

ज्या लॅपटॉपवर मी हे लिहिते आहे, त्यात २ जीबी रॅम आहे आणि जुनी, फिरणारी हार्ड डिस्क आहे. त्यावर पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा "सगळ्यात हलकं ऑफिस कोणतं" एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. जे सगळ्यात लवकर उघडलं ते ठेवलं आणि कामाला लागले.

पुढच्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने ३० पानांचा अहवाल डॉकएक्स फाइलमध्ये (मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फॉरमॅटमध्ये) पाठवला. मी तो त्या हलक्या प्रोग्रॅममध्ये उघडला, दोन परिच्छेद दुरुस्त केले, त्याच नावाने सेव्ह केला आणि परत पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. समासातल्या सगळ्या कॉमेंट्स गायब झाल्या होत्या, आणि कोणी कुठे काय बदल सुचवला होता त्याच्या खुणाही. त्या माझ्या स्क्रीनवर आधीपासून दिसतच नव्हत्या, त्यामुळे काही हरवलंय हे मला कळायला मार्गच नव्हता.

असं का होतं ते समजून घ्या, पुढची निवड सोपी जाते. परक्या फॉरमॅटची फाइल उघडताना प्रोग्रॅम ती आपल्या पद्धतीच्या रचनेत उतरवून घेतो. ज्या गोष्टीसाठी त्याच्याकडे जागाच नाही, ती तिथेच गळते. सेव्ह करताना तो मूळ फाइलला डागडुजी करत नाही, उरलेल्या मजकुरातून नवी फाइल लिहितो. म्हणून किती रॅम वाचली याच्याइतकंच तुमच्या फाइलमधलं काय टिकलं हेही बघायला हवं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

सुरुवात करण्याआधी एवढं जवळ ठेवा:
- तुमच्या रोजच्या कामातल्या तीन-चार खऱ्या फाइल्स, त्यातली एक सगळ्यात किचकट
- त्या फाइल्सचा पेन ड्राइव्हवर बॅकअप
- मूळ प्रोग्रॅममधून काढलेली त्यांची पीडीएफ (पानं जशी दिसायला हवीत तशी)
- सेकंद मोजायला घड्याळ
- चालू इंटरनेट आणि एक निवांत दुपार

१. फाइल्स कुठून येतात आणि कुठे जातात ते लिहून काढा

कागद घ्या आणि गेल्या महिन्यात तुम्ही काय काय केलं ते लिहा. पत्रं? हिशेबाचे तक्ते? प्रबंध? की फक्त दुसऱ्याने पाठवलेलं वाचणं? प्रत्येकासमोर लिहा: ही फाइल माझ्याजवळच राहते, छापून किंवा पीडीएफ करून जाते, की समोरचा ती उघडून त्यात बदल करून परत पाठवतो?

सगळं यावर ठरतं. फाइल तुमच्याजवळच राहत असेल किंवा पीडीएफ होऊन बाहेर पडत असेल तर तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे, सगळ्यात हलकं घ्या. पण फाइल ये-जा करत असेल तर समोरच्याचा फॉरमॅट तुम्हाला बांधून ठेवतो. लिनक्सच्या जगातला मोकळा फॉरमॅट ओडीएफ. मजकुरासाठी ओडीटी आणि तक्त्यांसाठी ओडीएस. २००६ मध्ये तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झाला. मायक्रोसॉफ्टच्या डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स फाइल्सच्या फॉरमॅटलाही २००८ मध्ये आयएसओची मान्यता मिळाली, पण त्याचा पसारा एवढा मोठा आहे की छोट्या प्रोग्रॅमना तो पूर्ण पेलणं अवघड जातं.

आणि एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा: ऑफिस सॉफ्टवेअर खरंच लागतं का? नुसतं लिहायचंच असेल तर फोकसरायटर पुरतं. ते ओडीटीतही सेव्ह करतं. समीकरणांनी भरलेला प्रबंध असेल तर लिक्स बघा.

२. मशीनची ताकद नीट मोजा

टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत 'फ्री' ही कमांड द्या. इथे नवे लोक हमखास घाबरतात, कारण 'फ्री' नावाच्या रकान्यातला आकडा अगदी लहान दिसतो. तो बघू नका. रिकामी पडलेली रॅम लिनक्स डिस्कवरच्या फाइल्स हाताशी ठेवायला वापरतो आणि गरज पडली की लगेच मोकळी करतो. तुमच्या कामाचा आकडा 'अव्हेलेबल' या रकान्यात असतो.

आता रोज जसा उघडता तसा ब्राउझर उघडा, नेहमीच्या टॅबसकट, आणि तीच कमांड पुन्हा द्या. 'अव्हेलेबल' किती घसरला? बहुतेक जुन्या मशीनवर रॅम खाणारा ब्राउझरच असतो, ऑफिस नव्हे. लिब्रेऑफिस या मोकळ्या ऑफिस संचाच्या अधिकृत गरजांमध्ये किमान रॅम २५६ एमबी लिहिलेली आहे. अडचण ब्राउझर आणि ते एकत्र चालवताना येते. रॅम संपली की तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या राखीव जागेत ढकलला जातो, आणि फिरणाऱ्या डिस्कवर त्या क्षणी सगळंच गोठतं.

माझा अंदाज असा: ४ जीबी असेल तर फार विचार न करता लिब्रेऑफिस घ्या. २ जीबीत लिब्रेऑफिसचे हवे तेवढेच भाग घ्या. १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर लिखाणाला अबीवर्ड आणि तक्त्यांना न्यूमेरिक ही जोडी.

प्रोसेसर ३२ बिटचा आहे का तेही बघून ठेवा. लिब्रेऑफिसने लिनक्ससाठी ३२ बिटच्या तयार फाइल्स देणं २०१९ मध्ये, ६.३ आवृत्तीपासून बंद केलं. अशा मशीनवर तुमच्या डिस्ट्रोच्या (तुम्ही टाकलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या) रिपॉझिटरीत, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरच्या कोठारात, जे असेल त्यातूनच निवडावं लागतं.

३. चाचणीची फाइल तयार करा

ही पायरी गाळू नका. तुमच्या सगळ्यात किचकट फाइलची प्रत घ्या आणि तिला "चाचणी" नाव द्या. तिच्यात एक तरी टेबल असावं, शक्यतो एकत्र केलेल्या कप्प्यांचं. एक तळटीप, एक चित्र, एक कॉमेंट, पान क्रमांक आणि आपोआप बनणारी अनुक्रमणिका असावी. नसेल ते मूळ प्रोग्रॅममध्ये टाकून घ्या.

मग मराठीची परीक्षा घेणारी ओळ घाला. मी ही वापरते:

दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांनी आचार्यांना दऱ्या दाखवल्या. दर्या दूर होता. ॲप, वाङ्मय, हृदय, कुऱ्हाड.

"आचाऱ्यांनी" आणि "आचार्यांना" यांतला र स्क्रीनवर वेगळा दिसलाच पाहिजे. पहिल्यात आडव्या, वळलेल्या पापणीसारखा; दुसऱ्यात डोक्यावर रफार. दोन्हीकडे रफार दिसला तर स्वयंपाकी आणि गुरुजी यांत फरक उरत नाही. "ॲ" च्या जागी चौकोन दिसला तर फॉन्ट जुना आहे. "ङ्म" तुटून मध्ये पाय मोडलेला ङ दिसला तरी शब्द चुकलेला नाही, काही फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नसतं; पण वेलांटी, उकार जागा सोडून भरकटलेले दिसले तर मात्र तो प्रोग्रॅम किंवा तो फॉन्ट बाद.

इथे एक छुपा सापळा आहे. पापणीचा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ला पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. "दुसऱ्या" शोधताना फाइलमधले निम्मेच सापडले तर दोष ऑफिसचा नाही, दोन कीबोर्डांचा आहे. तुमचा कीबोर्ड काय टाकतो ते एकदा ठरवा आणि शोधा-बदला वापरून जुन्या फाइल्स एका पद्धतीवर आणा.

४. उमेदवार

लिब्रेऑफिस रायटर आणि कॅल्क. २०१० मध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळं निघालेलं, आज बहुतेक डिस्ट्रोंमध्ये सोबतच येणारं. डॉकएक्स सर्वाधिक नीट सांभाळणाऱ्या मोकळ्या प्रोग्रॅमांपैकी एक. जड आहे, पण लोक समजतात तितकं नाही, आणि त्याचे भाग वेगवेगळे टाकता येतात. मुळात हलक्या मशीनसाठी असलेल्या डिस्ट्रोही इकडे वळल्या: झुबुंटूने १५.१० आवृत्तीत आणि लुबुंटूने १८.१० मध्ये अबीवर्ड-न्यूमेरिक काढून लिब्रेऑफिस घेतलं.

अबीवर्ड. १९९८ पासूनचा वर्ड प्रोसेसर. पटकन उघडतो, स्वच्छ आहे, पत्रं आणि साध्या लेखांसाठी छान. ओडीटी, आरटीएफ चांगले जमतात. गुंतागुंतीची टेबलं, कॉमेंट्स, बदलांच्या खुणा असलेल्या डॉकएक्ससाठी त्याच्यावर विसंबू नका. त्याचा स्वतःचा फॉरमॅट फार कोणी दुसरं उघडत नाही, म्हणून सेव्ह करताना दर वेळी ओडीटी निवडा.

न्यूमेरिक. याच्याबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे. तक्त्यांचं काम असेल आणि मशीन कमजोर असेल तर याच्याइतकं समाधान दुसरं देत नाही. संख्याशास्त्राच्या सूत्रांमधल्या अचूकतेसाठी त्याचं नाव आहे, आणि मोठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) घेताना कोणता रकाना तारीख, कोणता मजकूर हे तो नीट विचारतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. त्यात पिव्हट टेबल (मोठ्या तक्त्याचा गटवार सारांश काढायची सोय) नाही. आणि नव्या शीटमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने असतात. एक्सएलएसएक्सची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. न्यूमेरिकची शीट मेनूतून वाढवता येते, पण आधी माहीत असलेलं बरं.

कॅलिग्रा. केडीई हा डेस्कटॉप वापरत असाल तरच बघा. इतर डेस्कटॉपवर ते केडीईच्या लायब्ररींचा (प्रोग्रॅमना सामायिक लागणाऱ्या कोडच्या फाइल्सचा) सगळा ताफा घेऊन येतं.

ओन्लीऑफिस. चेहरामोहरा मायक्रोसॉफ्टच्या ऑफिससारखा आणि कामकाज डॉकएक्समध्येच, म्हणून नवख्यांना लगेच आपलंसं वाटतं. सोर्स कोड खुला आहे. पण ते ब्राउझरच्या तंत्रावर उभं आहे आणि रॅमही तशीच घेतं. जुन्या मशीनसाठी मी सुचवणार नाही.

डब्ल्यूपीएस ऑफिस आणि फ्रीऑफिस चकटफू मिळतात, पण त्यांचा सोर्स कोड खुला नाही. खुल्या सॉफ्टवेअरसाठीच लिनक्सवर आला असाल तर हे आधी कळलेलं चांगलं.

आणि अपाचे ओपनऑफिस. नाव ओळखीचं म्हणून बरेच जण हेच डाउनलोड करतात. ते डॉकएक्स उघडतं, पण डॉकएक्समध्ये सेव्ह करू शकत नाही. फाइल्सची देवाणघेवाण असेल तर इथेच थांबा.

५. टाकताना डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतूनच टाका

एकच प्रोग्रॅम तीन-चार वाटांनी मिळतो. जुन्या मशीनवर रिपॉझिटरीतलं साधं पॅकेज घ्या. ते मशीनवर आधीच असलेल्या लायब्ररी वापरतं. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या दुसऱ्या वाटांनी आलेले प्रोग्रॅम आपलं बिऱ्हाड सोबत आणतात. अबीवर्डसारख्या छोट्या प्रोग्रॅमसाठीही शेकडो एमबीचा पाया आधी उतरतो.

लिब्रेऑफिस घेताना "लिब्रेऑफिस" या एकगठ्ठा पॅकेजवर क्लिक करू नका. त्यात इम्प्रेस, ड्रॉ, बेस सगळं येतं, आणि बेसच्या मागोमाग जावाही येऊ शकतं. पॅकेज मॅनेजरमध्ये रायटर आणि कॅल्क वेगळे शोधा आणि तेवढेच निवडा. डेबियन कुळातल्या डिस्ट्रोत 'शिफारस केलेली' जादा पॅकेजेस न घेण्याची सोय आहे. ती वापरलीत तर एक पॅकेज हाताने घ्यावं लागतं: तुमच्या डेस्कटॉपशी जुळणारं, जीटीके किंवा क्यूटीचं (खिडक्या आणि बटणं काढणाऱ्या या दोन लायब्ररी). ते राहिलं की लिब्रेऑफिस ओबडधोबड, जुनाट दिसतं, आणि आपलं काहीतरी बिघडलं असं वाटून लोक सगळं उडवून पुन्हा टाकतात.

सोबत फॉन्टही घ्या. देवनागरीसाठी नोटो आणि लोहित. दुसऱ्यांच्या फाइल्ससाठी कार्लिटो, कॅलाडिया आणि लिबरेशन. कार्लिटोच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकी, कॅलाडियाची केंब्रियाइतकी, आणि लिबरेशनचे फॉन्ट एरियल, टाइम्स न्यू रोमन व कुरियर न्यू यांच्या मापाचे. हे नसतील तर १० पानांची फाइल तुमच्याकडे ११ पानांची होते आणि दोष उगाच ऑफिसला जातो.

६. चाचणी घ्या

मशीन रीस्टार्ट करा. प्रोग्रॅमवर क्लिक केल्यापासून कर्सर लुकलुकेपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. बंद करून पुन्हा उघडा. दुसऱ्या वेळी तो झटकन येईल, कारण त्याच्या फाइल्स आता रॅममध्ये आहेत. म्हणूनच दोन प्रोग्रॅमची तुलना करताना प्रत्येकाआधी रीस्टार्ट करा. मी सुरुवातीला हे केलं नाही आणि ज्याची चाचणी नंतर घेतली त्याला उगाच झुकतं माप दिलं.

आता चाचणीची फाइल उघडा. पीडीएफ शेजारी ठेवा आणि पान-पान ताडून बघा. मग मजकुरात एक शब्द बदला, नव्या नावाने सेव्ह करा, बंद करा, आणि ती नवी फाइल पुन्हा उघडा. शक्य असेल तर समोरच्याच्या मशीनवर उघडून घ्या. नुसतं उघडून बघणं पुरेसं नाही. माझा अहवालही उघडताना ठीकच वाटला होता. टेबलाचे कप्पे, तळटीपेचा आकडा, कॉमेंट, अनुक्रमणिका, सगळ्यांवर बोट ठेवून मोजा.

तक्त्यांसाठी वेगळी खबरदारी. दोन-तीन बेरजा मूळ आकड्यांशी जुळवा, तारखांचा एक रकाना तपासा, आणि फाइलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या साठवलेल्या आज्ञा) आहेत का विचारा. मॅक्रो असतील तर न्यूमेरिक नको, आणि कॅल्कमध्येही प्रत्येक मॅक्रो चालवून बघा.

७. लिब्रेऑफिस ठेवणार असाल तर त्याचा भार कमी करा

टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्ड पानावर जावा वापरण्याची खूण आहे. ती काढा, साध्या लिखाणाला आणि तक्त्यांना जावा लागत नाही. एक्सपर्ट कॉन्फिगरेशनमध्ये अंडूच्या पायऱ्यांची संख्या १०० असते, ती ३० केलीत तरी चालतं. ऑटो-रिकव्हरी मात्र बंद करू नका. स्वॅपमध्ये अडकून मशीन गोठलं तर तीच तुमचा मजकूर वाचवते.

त्याच ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल) चालू करून मराठी निवडा. रायटर रोमन आणि देवनागरी अक्षरांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे साठवतो. "फॉन्ट बदलला तरी मराठी बदलतच नाही" ही तक्रार जवळपास नेहमी इथूनच येते. रायटरच्या सेटिंग्जमध्ये सीटीएलच्या मूळ फॉन्टचं पान वेगळं आहे, तिथे नोटो किंवा लोहित एकदाच ठरवून टाका.

एवढं करूनही एखादी फाइल रखडत असेल तर ती फाइलच बघा. ओडीटी आणि डॉकएक्स आतून झिप असतात. प्रत घ्या, शेवटचं नाव बदलून झिप करा आणि उघडा. ओडीटीत 'पिक्चर्स' नावाचा फोल्डर दिसेल, डॉकएक्समध्ये 'वर्ड' फोल्डरच्या आत 'मीडिया'. मोबाइलवरचे मूळ फोटो बहुधा तिथे जसेच्या तसे बसलेले असतात. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर लहान दिसला तरी स्क्रीनवर आणताना उलगडून सुमारे ४८ एमबी रॅम घेतो. असे दहा फोटो पत्त्याच्या पाकिटाएवढे छापायचे असतील तर ते आधी लहान करून मग फाइलमध्ये टाका. प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

८. दोघांना ठेवायला हरकत नाही

रोजच्या लिखाणाला अबीवर्ड, तक्त्यांना न्यूमेरिक, आणि बाहेरून आलेल्या डॉकएक्ससाठी रायटर, अशी वाटणी माझ्याकडे आहे. बंद प्रोग्रॅम रॅम घेत नाही, फक्त डिस्कवर जागा घेतो. फाइलवर डबल क्लिक केल्यावर कोण उघडेल हे मात्र फाइल मॅनेजरमध्ये ठरवून टाका: डॉकएक्स रायटरकडे, ओडीटी अबीवर्डकडे. हे राहून गेलं की नेमकी चुकीची फाइल चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते आणि आपण सवयीने सेव्हही करतो.

सादरीकरणासाठी इम्प्रेस टाकण्याआधी बघा, तुम्हाला स्लाइड्स बनवायच्या आहेत की फक्त दाखवायच्या. दाखवायच्या असतील तर पीडीएफ मागवून घ्या. कोणताही पीडीएफ दर्शक पूर्ण स्क्रीनवर ती दाखवतो.

९. जुना प्रोग्रॅम काढण्यापूर्वी

निवड झाली की लगेच बाकीचं उडवू नका, महिनाभर राहू द्या. त्या काळात त्या प्रोग्रॅमच्या खास फॉरमॅटमधल्या फाइल्स शोधा: अबीवर्डच्या एबीडब्ल्यू, न्यूमेरिकच्या त्याच्या नावाच्या. प्रत्येक फाइल तिच्याच प्रोग्रॅममध्ये उघडून ओडीटी किंवा ओडीएसमध्ये सेव्ह करा. तक्ते पुष्कळ असतील तर न्यूमेरिकसोबत येणारी एसएसकन्व्हर्ट नावाची कमांड प्रोग्रॅमची खिडकी न उघडताच रूपांतर करते. बदललेली फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि मग पॅकेज मॅनेजरमधून जुना प्रोग्रॅम त्याच्या अनाथ लायब्ररींसकट काढा. काढण्याआधी जी यादी समोर येते ती पूर्ण वाचा. तुमच्या डेस्कटॉपचं नाव त्या यादीत दिसलं तर "नाही" म्हणा.